यूपीआय लाइट: वेगासाठी नव्हे, संपतं म्हणून कामाचं

सप्टेंबर २०२२ मध्ये यूपीआय लाइट, म्हणजे यूपीआय ॲपमधलं छोट्या खर्चाचं पाकीट, आलं तेव्हा त्याचं कौतुक झालं ते पिन टाकावा लागत नाही म्हणून. घरून महिन्याचे पैसे येणाऱ्या कॉलेजच्या पोरापोरींसाठी पिन न लागणं ही सोय कमी आणि भगदाड जास्त आहे. तिसऱ्या चहाच्या आधी हात थोडा थबकायचा, तो या चार-सहा आकड्यांमुळेच. तरीही खिशाचा हिशोब बसवायला हे साधन चांगलं आहे. त्याचं कारण वेगळं: यात भरलेले पैसे संपतात आणि संपल्याचं लगेच दिसतं. खात्यात ६२०० दिसत असले की त्यातले बरेचसे मेसचे आणि रूमचे आहेत, हे टपरीवर कुणाला आठवतं?

रचना साधी आहे. बँक खात्यातून काही रक्कम पिन टाकून एकदाच लाइटमध्ये घ्यायची. नंतरचे छोटे व्यवहार त्या शिलकीतून, पिनशिवाय. सुरुवातीला एका व्यवहाराची मर्यादा २०० आणि शिलकीची २००० होती. ऑगस्ट २०२३ मध्ये व्यवहाराची ५०० झाली. डिसेंबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने ती १००० केली आणि शिलकीची ५०००. विद्यार्थ्याने या ५००० च्या वाटेला जाऊ नये. एवढी रक्कम आत ठेवली की लाइट आणि बँक खातं यात फरकच उरत नाही.

आता किती भरायचे. समजा मेस, भाडं, बसचा पास, रिचार्ज हे सगळं काढून हातात ३००० उरतात. बहुतेक जण चाराने भागून आठवड्याला ७५० धरतात आणि तिथेच चुकतात. चार आठवडे म्हणजे २८ दिवस. उरलेले दोन-तीन दिवस कोरडे जातात आणि उधारी सुरू होते ती त्याच दिवसांत. ३००० ला ३० ने भागा, ७ ने गुणा: आठवड्याला ७००. तेवढेच लाइटमध्ये. रिचार्जचंही असंच आहे. २८ दिवसांचा प्लॅन असेल तर वर्षाला १२ नव्हे, १३ रिचार्ज लागतात. तेरावा कुठल्या महिन्यात येणार हे आधीच बघून ठेवावं.

भरायचा वार सोमवार. शनिवारी भरलेले ७०० रविवारी रात्रीपर्यंत अर्धे झालेले असतात आणि मग बुधवारी झेरॉक्सवाल्याकडे बँक खात्याला हात लावावा लागतो. सोमवारी भरले तर शनिवार-रविवारसाठी राखून ठेवायची गरज आपोआप पडते.

सुरू करताना एका ठिकाणी डोळे उघडे ठेवा. ॲपमध्ये यूपीआय लाइटवर जायचं, बँक खातं निवडायचं, रक्कम टाकायची, पिन द्यायचा, एवढंच काम आहे. पण मधेच ऑटो टॉप-अप विचारलं जातं: शिल्लक अमुक खाली गेली की आपोआप तमुक रक्कम भरू का? नाही म्हणा. याला हो म्हटलं की आठवड्याची भिंतच पडते. लाइट कधी संपतच नाही आणि महिनाअखेरीला खात्यातून ७०० चार वेळा गेले की सात वेळा, हे पासबुक उघडल्यावर कळतं. आधी हो म्हणून झालं असेल तर लाइटच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतं.

दुसरी गळती मित्रांच्या बिलातून होते, आणि ती पटकन लक्षात येत नाही. लाइटमधून पैसे फक्त बाहेर जातात. कुणी पाठवलेले पैसे, रिफंड, कॅशबॅक हे सगळं बँक खात्यात जमा होतं. समजा चौघांचं मिसळीचं बिल ४८० झालं. तुम्ही लाइटमधून दिले, तिघांनी १२०-१२० पाठवले. ते ३६० खात्यात पडले, लाइटमधून मात्र पूर्ण ४८० गेले. मंगळवारीच पाकीट रिकामं व्हायला येतं, आणि खात्यात वाढलेले ३६० 'जास्तीचे' वाटून वेगळे खर्च होतात. इलाज सरळ आहे: चौघांचं बिल द्यायचं असेल तर पैसे देण्याच्या स्क्रीनवर लाइट काढून बँक खातं निवडा आणि पिन टाका, फक्त स्वतःचा वाटा असेल तेव्हाच लाइट. त्याहून सरळ म्हणजे टीटीएमएम, तुझं तू माझं मी. काउंटरवर चार वेळा स्कॅन करताना मालक जरा वैतागेल, पण चालतं.

शिल्लक अपुरी असेल तर लाइट अर्धे पैसे देत नाही. आत ६० आहेत आणि पोहे-चहाचे ७० झाले, तर ६० तिथून आणि १० खात्यातून असं होत नाही. ॲप सरळ बँक खातं पुढे करतं. म्हणून आठवड्याच्या शेवटी लाइटमध्ये अशा किरकोळ शिलकी अडकतात. पुढच्या सोमवारी ७०० न भरता फरकच भरायचा: ६० उरले तर ६४०.

पासबुकाच्या बाबतीत लाइटचं वागणं दुधारी आहे. महिन्यात दहा-वीस रुपयांच्या साठ-सत्तर नोंदींऐवजी लाइटमध्ये भरलेल्या रकमेच्या चार-पाच ओळी येतात. पासबुक स्वच्छ राहतं, पण पैसे कुठे गेले हे त्यावरून कळत नाही. ते फक्त त्या ॲपच्या हिस्टरीत असतं. प्रत्येक ॲपमधलं लाइटही वेगळं, एकातली शिल्लक दुसऱ्यात दिसत नाही. म्हणून लाइट एकाच ॲपमध्ये ठेवावं आणि रविवारी रात्री पाच मिनिटं ती हिस्टरी चाळावी. रकान्यांची वही नको. खाणं, प्रवास, छपाई आणि बाकी, अशा चार बेरजा पुरतात.

सबमिशनचा आठवडा हा हिशोब मोडतो, आणि तो मोडणारच. जर्नल, फाइल, रंगीत प्रिंट, स्पायरल बाइंडिंग हे ७०० मध्ये बसवायचा हट्ट धरू नका. दर महिन्याला १५० रुपये बँक खात्यातच बाजूला ठेवले तर सेमिस्टरच्या पाच महिन्यांत ७५० जमतात आणि छपाईचा खर्च तिथून पिन टाकून भागतो.

वेगाबद्दल थोडंसं. लाइटचा व्यवहार होताना दर वेळी बँकेच्या मुख्य यंत्रणेला विचारावं लागत नाही, त्यामुळे बँकेचा सर्व्हर रखडलेला असतानाही चहाचे दहा रुपये जातात. इंटरनेट मात्र लागतं. तळघरातल्या कँटीनमध्ये रेंज नसेल तर लाइटही गप्प बसतं. नेटशिवाय चालतं ते लाइट एक्स, आणि त्याला एनएफसीचे, म्हणजे जवळ आणले की एकमेकांशी जोडले जाणारे, फोन लागतात. लाइटमधल्या पैशांवर व्याज नाही, पण वर्षभर सरासरी ५०० जरी आत राहिले तरी अडीच टक्क्यांनी नुकसान साडेबारा रुपयांचं. खात्यात किमान शिल्लक ठेवायची अट असेल, तर मात्र लाइटमध्ये गेलेली रक्कम त्यात मोजली जात नाही, हे ध्यानात ठेवा.

फोन हरवला आणि अनलॉक असला, तर लाइटमधले पैसे कुणीही उडवू शकतं. तिथे पिन आडवा येत नाही. ॲपला वेगळं लॉक लावा. फोन बदलायचा असेल तर जुन्या हँडसेटवर आधी लाइट बंद करा, म्हणजे शिल्लक खात्यात परत येते. खात्यात आलेली दिसली की मगच जुना फोन रिसेट करा.