बिल ओव्हरहॉलचं, काम एका स्क्रूचं

ज्यांच्या गाडीला जुन्या पद्धतीचा, वर्म (स्टेअरिंगबरोबर फिरणारा आट्यांचा दांडा) आणि बॉल नटचा (त्यावर सरकणारा दातेरी नट) स्टेअरिंग बॉक्स आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. रॅक-पिनियन या नव्या पद्धतीचं स्टेअरिंगवाले पुढे गेलात तरी चालेल.

माझं स्टेअरिंग मधोमध बरंच ढिलं झालं होतं. सरळ रस्त्यावरही सारखं सावरत बसावं लागे. गॅरेजवाल्याने गाडी ठेवून घेतली आणि संध्याकाळी बिल हातात दिलं: बॉक्स ओव्हरहॉल, वर्म-नट सेट, बेअरिंग, ऑइल सील, मजुरी. चालवून पाहिली तर प्ले, म्हणजे ती ढिलाई, गायब! पैसे देऊन निघालो.

पहिल्याच बेताच्या वळणावर खरं काय ते कळलं. वळण संपलं, हात सैल सोडला, पण स्टेअरिंग आपसूक सरळ येईना. ओढून आणावं लागलं. असं स्टेअरिंग घाटात कुणाच्या हाती लागू नये.

टॉर्च घेऊन गाडीखाली शिरलो. बॉक्सवर तेल-चिखलाचा जुना थर जसाच्या तसा, साइड कव्हरचे बोल्ट त्यात गाडलेले. ड्रॉप आर्मचा (बॉक्समधून निघून चाकांकडची जोडणी हलवणारा हात) नट गंजलेला. हा आर्म पुलर (खेचून काढायचं हत्यार) लावल्याशिवाय सहसा निघत नाही आणि तो काढल्याशिवाय खालचं सील बदलता येत नाही. चकाकत होता तो फक्त कव्हरवरचा लॉकनट, आणि मधल्या स्क्रूच्या खाचेत स्क्रू ड्रायव्हरचा ताजा ओरखडा.

हा स्क्रू सेक्टर शाफ्टचे (ड्रॉप आर्म फिरवणारा दांडा) दात बॉल नटच्या दातांत आणखी आत दाबतो. गाडी बहुतेक वेळ सरळच धावते, त्यामुळे दात मधोमध झिजतात, कडेला फारसे नाहीत. मधला सगळा प्ले मारायला स्क्रू पिळला की वळवताना कडेचे दात आवळतात. थोडी झीज भरून काढायला स्क्रू असतोच. पण आधी वर्मच्या बेअरिंगची ढिलाई काढायची, मग चाकं सरळ ठेवून, ड्रॅग लिंक (ड्रॉप आर्मपासून चाकांकडे जाणारा दांडा) सोडवून थोडं थोडं आवळायचं आणि दर वेळी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघायचं. कुठे जड लागलं की स्क्रू मागे.

जुने पार्ट मागितले तर उत्तर आलं, "भंगारात गेले साहेब." गंजलेला नट दाखवला तर म्हणे, "आम्ही बॉक्स न उतरवता वरूनच करतो." वरून वर्म बदलणारा कारागीर अजून जन्माला यायचाय.

बॉक्सचं काम सांगण्याआधी एकाला इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि तुम्ही खाली बघा. वर्मचा शाफ्ट फिरतो पण ड्रॉप आर्म जागचा हलत नाही, तर झीज बॉक्समध्ये. आर्म हलतो पण चाक नाही, तर लिंकचे बॉल जॉइंट बघा. अख्खा बॉक्सच चासीवर डुलत असेल तर नुसते बोल्ट ढिले असू शकतात. गाडी सोडताना कव्हरच्या बोल्टांवर आणि ड्रॉप आर्मच्या नटावर रंगाची रेघ मारून फोटो काढा. जुने पार्ट हवेत हेही तेव्हाच बजावा.

दुसऱ्या मेस्त्रीने हेच करून ड्रॅग लिंकचा जॉइंट खिळखिळा झालेला दाखवला. स्क्रू मागे घेऊन जॉइंट बदलला, तेव्हा निम्म्याहून जास्त प्ले गेला. उरलेल्यासाठी बॉक्स खोलावाच लागणार आहे. पहिल्याने कुरकुरत मजुरी परत केली, पार्टचे पैसे अजून नाहीत.