मोका येथील गिरमिटियांचे दप्तर: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मॉरिशसमधील मोका येथे महात्मा गांधी संस्थेत भारतातून या बेटावर आलेल्या गिरमिटिया, म्हणजे करारावर आणलेल्या, मजुरांचे दप्तर जतन केलेले आहे. माझ्या पतींचे खापरपणजोबा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई बंदरातून इकडे आले आणि मूळ गाव रत्नागिरीकडचे, एवढीच माहिती सासरी शिल्लक होती. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी येथील भारतीय वंशाच्या लोकांना सातव्या पिढीपर्यंत ओसीआय कार्ड (परदेशस्थ भारतीय नागरिकाचे ओळखपत्र) मिळेल अशी घोषणा केली, तेव्हा घरात या कागदांचा विषय पुन्हा निघाला. कार्डासाठी लागणारा या दप्तरातील नोंदीचा उतारा हे निमित्त होते. मला त्या माणसाचे आयुष्य हवे होते, आणि हा अनुभव मुख्यतः त्या दृष्टीने लिहीत आहे.

या दप्तराचा कणा नाव नसून क्रमांक आहे. पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरलेल्या प्रत्येक मजुराला एक क्रमांक दिला जाई आणि पुढे लग्न, बाळंतपण, मृत्यू, मायदेशी परतणे, जे काही सरकारदरबारी नोंदले जाई त्यात तोच क्रमांक येई. नावाने शोध घेणे जवळपास निरुपयोगी आहे, कारण रामजी, बाबाजी, सखाराम ही नावे मुंबईच्या जहाजांवर डझनांनी आढळतात आणि लिहिणारा कारकून कधी इंग्रजी वळणाने, कधी फ्रेंच वळणाने लिहितो. शिवाय येथे मूळ पुरुषाचे पाळण्यातले नावच पुढच्या पिढ्यांचे आडनाव झाले असल्याने कोकणातले आडनाव कागदावर बहुधा नसतेच. म्हणून मोक्याला जाण्यापूर्वी पोर्ट लुई येथील नागरी नोंदणी कार्यालयातून आपल्यापासून मागे मागे जात जन्म, विवाह आणि मृत्यूचे दाखले काढावेत. एखाद्या दाखल्यात आईवडिलांच्या नावापुढे क्रमांक दिसला की निम्मे काम झाले. आम्हाला तो एका मुलीच्या जन्मदाखल्यात मिळाला. थोरल्या मुलाच्या दाखल्यात तो नव्हता.

क्रमांकावरून नोंदवहीतली ओळ सापडते. त्या ओळीत मजुराचे व वडिलांचे नाव, वय, जात, उंची, अंगावरील खुणा, गाव, परगणा, जिल्हा, जहाज, आगमनाची तारीख आणि पहिला मालक यांचे रकाने असतात. सातबारा वाचण्याची सवय असलेल्याला हा कागद लवकर उमगेल: एकेका रकान्यात थोडेच, पण ‘इतर हक्क’ जसे नजरेतून सुटता कामा नयेत तसे येथे समासातले शेरे. आमच्या ओळीत डाव्या भुवईवरचा वण आहे, वडिलांचे नाव आहे, ब्लॅक रिव्हर जिल्ह्यातील ऊसमळा आहे, आणि समासात वेगळ्या शाईने नंतरच्या विवाहाची नोंद आहे. उताऱ्याच्या छापील नमुन्यात समास येत नाही. त्यामुळे मूळ पान पाहण्याची परवानगी मिळत असेल तर ती अवश्य मागावी.

ही वही मजुराला ओळखण्यासाठी व पळाल्यास पकडण्यासाठी लिहिली गेली होती, हे लक्षात ठेवले म्हणजे ती काय सांगते आणि काय सांगत नाही याचे कोडे पडत नाही. तिला वण ठाऊक आहे, माणूस घर सोडून का निघाला ते ठाऊक नाही. मधल्या वर्षांचे चित्र इतर कागदांवरून उभे करावे लागते. त्या काळी पगार महिना पाच रुपयांच्या आसपास असे आणि एका दिवसाच्या गैरहजेरीस दोन दिवसांचा पगार कापण्याची रीत होती. करार संपलेल्या ‘जुन्या’ मजुरांनाही १८६७ च्या कायद्याने छायाचित्र लावलेले तिकीट जवळ बाळगण्याची सक्ती झाली. तिकीट नसेल तर भटक्या ठरवून तुरुंगात टाकत. याविरुद्ध १८७१ मध्ये अडॉल्फ द प्लेव्हिट्झ या मजुरांची बाजू घेणाऱ्या युरोपीय मळेवाल्याच्या साहाय्याने ९,४०१ जुन्या मजुरांनी गव्हर्नरकडे अर्ज केला आणि पुढच्या वर्षी शाही आयोग चौकशीसाठी आला. त्या आयोगाचा छापील अहवाल मी वाचला. आमच्या पूर्वजाचे नाव त्यात नाही, परंतु त्याच्यासारख्यांच्या जबान्यांतून मळ्यावरचा दिवस कसा जाई हे जितके कळते तितके नोंदवहीतून कधीच कळले नसते. त्याचे छायाचित्र मात्र आम्हाला मिळाले नाही.

१८६६ ते १८६८ या काळात हिवतापाच्या साथीने बेटावर हाहाकार उडाला आणि किनाऱ्यालगतची अनेक कुटुंबे वर पठाराकडे सरकली. आमच्या घराण्याच्या नोंदी नेमक्या याच सुमारास किनाऱ्यालगतच्या ब्लॅक रिव्हरमधून नाहीशा होऊन काही वर्षांनी पठारावरील व्हाकोआच्या बाजूस उगवतात. साथीमुळेच ते हलले असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण त्या काळातला एका तान्ह्या मुलाचा मृत्यूचा दाखला हाती आल्यापासून मला दुसरे कारण शोधावेसे वाटलेले नाही.

स्त्रियांच्या बाबतीत विशेष दक्षता घ्यावी. भारतातून आलेल्या पत्नीचा क्रमांक, जहाज आणि गाव स्वतंत्र असते, आणि बहुतेक वंशावळी तिला नवऱ्याच्या ओळीत बसवून मोकळ्या होतात. धार्मिक रीतीने झालेले लग्न सरकारी दप्तरात नोंदले गेले नसेल तर मुलांच्या दाखल्यावर अनौरस असा शेरा पडे. सासूबाई तो शेरा पाहून क्षणभर गप्प झाल्या. कायदा लग्न मानत नव्हता, लग्न झालेच नव्हते असे नाही, हे मला त्यांना समजावून सांगावे लागले.

जमिनीचा शोध कोरोमांडेल येथील राष्ट्रीय अभिलेखागारात नोटरींच्या दस्तांतून घेता येतो. १८७० नंतरच्या दशकांत मळेवाल्यांनी कडेच्या जमिनी तुकडे पाडून विकल्या व अनेक जुन्या मजुरांनी त्या घेतल्या. दस्त फ्रेंचमध्ये आहेत, हस्ताक्षर वळणदार पण दमवणारे आहे. क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली इथली बोली, येते म्हणून हे वाचता येईल अशा भ्रमात राहू नये.

एका परदेशी सशुल्क संकेतस्थळाचीही मी वर्गणी भरली होती. जहाजांच्या याद्या चाळण्यापुरता त्याचा उपयोग झाला, पण ते ज्या ‘जुळणाऱ्या’ व्यक्ती सुचवते त्यांत आमच्या पूर्वजाला मद्रासहून आलेल्या एका भलत्याच माणसाचा मुलगा केले होते, आणि अनोळखी लोकांनी तीच चूक आपापल्या वंशावळींत उतरवून घेतली होती. वर्गणी मी पुढे चालू ठेवली नाही.

कोकणाकडचे टोक अजून सुटलेले नाही. नोंदीत जिल्हा रत्नागिरी असला तरी त्या काळच्या रत्नागिरीत आजचा सिंधुदुर्गही येतो, कारण तो जिल्हा १९८१ मध्ये वेगळा झाला; सावंतवाडी तर स्वतंत्र संस्थान होते. गावाचे नाव कारकुनाने ऐकले तसे लिहिलेले आहे आणि त्याच्याशी जुळणारी गावे मालवण व राजापूर या दोन्ही तालुक्यांत निघतात. परगण्याचा रकाना अर्धवट पुसलेला असल्याने सध्या मी त्याच जहाजातून, लागोपाठच्या क्रमांकांनी उतरलेल्या मजुरांच्या ओळी तपासत आहे. एका गावचे लोक बहुधा एकत्र निघत, आणि त्यांपैकी एखाद्याचा परगणा स्वच्छ वाचता आला तर दोन तालुक्यांपैकी एक वगळता येईल.