डीबीए ३.० आठ महिने खेळून: आधी बेस मोजा, मग नियम वाचा

बेसचा (बाहुल्या चिकटवायच्या चपट्या तुकड्यांचा) दुसरा संच परत पाठवावा लागला, म्हणून हे लिहायला घेतलं. ४० मिमी सांगून आलेले तुकडे ४१ मिमीचे निघाले आणि विकणाऱ्याचं म्हणणं, 'एका मिलिमीटरने काय होतं?' डी बेलिस अँटिक्विटाटिस, म्हणजे डीबीए, या जुन्या काळच्या लढायांच्या टेबलावरच्या खेळात एका मिलिमीटरने काय होतं ते आठ महिन्यांत पुरेपूर कळलंय. दोन्हीकडे १२-१२ तुकड्या (एक बेस म्हणजे एक तुकडी), ६० सेंमीचा चौरस पट, तासाभरात आटपणारा डाव ही माहिती सगळ्यांना आहे, त्यात वेळ घालवत नाही.

हा खेळ कोपऱ्यांचा आहे. दोन तुकड्या समोरासमोर भिडल्या असं मानायचं तर समोरच्या कडा पूर्ण जुळायला हव्यात आणि कोपऱ्याला कोपरा लागायला हवा. आता ८ ब्लेडची (तलवारीच्या पायदळाची) ओळ घ्या. ४० मिमीच्या बेसवर ती ३२० मिमी भरते, ४१ च्या बेसवर ३२८. समोर ३२० ची ओळ आहे. डावीकडचा पहिला कोपरा नीट लावलात, तर आठव्या तुकडीचा डावा कोपरा ७ मिमी सरकलेला असतो. मग ती समोरच्या तुकडीशी भिडली म्हणायची, की शेजारच्या लढाईत ओव्हरलॅप (बाजूचा दाब, ज्याने शत्रूचा १ गुण कमी होतो) धरायची? ३.० मध्ये जुळवून घेण्यासाठी थोडं सरकायची मुभा आहे, पण ती चालीतला तिरपेपणा काढण्यासाठी. मुळात रुंद असलेली ओळ त्याने अरुंद होत नाही.

याची किंमत आकड्यांत बघा. पायदळाविरुद्ध ब्लेडला मुळात ५ गुण, स्पिअरला (भालाईतांना) ४, त्यात फासा मिळवायचा. ब्लेडने फाशात ३ टाकले, एकूण ८. स्पिअरने २ टाकले, एकूण ६. स्पिअर हरली पण निम्म्यापेक्षा वर आहे, म्हणून फक्त मागे हटते. एका बाजूने ओव्हरलॅप असेल तर ५, तरीही मागे हटते. दोन्ही बाजूंनी असेल तर ४, म्हणजे बरोबर निम्मे, आणि तुकडी मेली. शत्रूच्या ४ तुकड्या मारून आपल्या त्याहून कमी गमावल्या की डाव जिंकला. म्हणजे त्या सरकलेल्या कोपऱ्यावर विजयाचा पाव हिस्सा टांगलेला असतो.

म्हणून विकत घ्या किंवा घरी कापा, बाराही बेस स्टीलच्या पट्टीला लावून एका ओळीत ठेवा. ४८० भरायला हवेत. ४८१ चालवून घेता येतील, ४८४ नाही. जास्त भरले तर १२० नंबरचा पॉलिश पेपर सपाट लाकडावर चिकटवून कडा घासा. हातात धरून घासू नका, कड गोल होते आणि कोपरा जातो. जाड पुठ्ठ्यात बरोबर ४० मिमीची खाच कापून गेज करून ठेवा आणि प्रत्येक बेस त्यातून सरकवून बघा. दुसरी चूक बेसवर नकली गवत लावताना होते. फेव्हिकॉल कडेवर ओघळला की दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मिमी वाढतो आणि घासलेलं सगळं वाया जातं. पातळ एमडीएफ एकाच बाजूने ओला झाला तर वाकतो, म्हणून खालच्या बाजूलाही रंगाचा एक हात द्या. खोलीही मोजा: चार माणसांच्या ब्लेडला १५ मिमी, सायलॉयला (विखरून लढणाऱ्या हलक्या पायदळाला) २०, घोडदळाला ३०, हत्तीला ४०. हरलेलं पायदळ आपल्या बेसच्या खोलीइतकंच मागे हटतं. खोली चुकली तर मागच्या मित्र-तुकडीवर आदळायचं की नाही, हेही चुकतं.

आता नियमांकडे. पहिल्या दोन महिन्यांत लिहिलं असतं तर पिपला शिव्या घातल्या असत्या. एक फासा टाकायचा, पडतील तेवढे पिप, म्हणजे तेवढ्या चाली. १ पडला तर १२ तुकड्यांचं सैन्य एका चालीवर उभं. हे निव्वळ नशीब वाटायचं. ते मत आता बदललंय. सलग चिकटून, एकाच दिशेला तोंड करून उभ्या असलेल्या ८ तुकड्या हा एक गट असतो आणि तो १ पिपमध्ये पुढे जातो. लढाईत दोन तुकड्या मागे हटल्या, एक वॉरबँड (बेभान धावून जाणारं टोळी-पायदळ) पाठलागात पुढे गेली, की त्याच ओळीचे चार तुकडे होतात आणि ४ पिप लागतात. सेनापतीपासून ८ बेस-रुंदीपलीकडे गेलेल्यांना जादा पिप. म्हणजे फासा दोघांना सारखाच, फरक पडतो तो ओळ कोण टिकवतं याने. नवीन खेळाडू पहिल्याच चालीत घोडदळ डावीकडे, सायलॉय उजवीकडे असं पसरवतो आणि तिसऱ्या फेरीला पिपअभावी अडकतो. हत्ती आणि तोफखाना हलवायलाही सहसा जादा पिप जातो, त्यांना मधोमध सेनापतीजवळ ठेवा.

सगळ्यात जास्त वाद थ्रेट झोनवर होतात. तुकडीच्या समोर तिच्याच रुंदीचा, १ बेस-रुंदी खोल चौरस, म्हणजे १५ मिमी स्केलला (साधारण १५ मिमी उंचीच्या बाहुल्यांना) ४० गुणिले ४०. त्यात सापडलेल्या तुकडीला तीनच गोष्टी करता येतात: ज्याचा झोन आहे त्याच्यासमोर जुळून उभं राहायचं, त्याला भिडायचं, किंवा सरळ मागे जायचं. त्याला बगल देऊन शेजारच्यावर जाता येत नाही. पारदर्शक प्लास्टिकचा ४० मिमीचा चौरस कापून ठेवा, प्रश्न आला की बेससमोर टेकवा, वाद तिथेच मिटतो. आणि बेसच ४१ चा असेल तर? मग झोन कुठल्या मापाचा, यावर नवा वाद.

नियम लिहिणारे फिल बार्कर यांची भाषा घट्ट आहे, एका वाक्यात चार अटी. पहिली आवृत्ती १९९० ची, ३.० ही २०१४ ची, तिच्यात आकृत्या आहेत आणि त्यांनी खूप काम सोपं होतं. खुर्चीत बसून वाचलं तर डोक्यात काही राहत नाही. पटावर तुकड्या मांडून एकेक वाक्य हाताने करून बघा. पहिला डाव ६-६ तुकड्यांचा, मोकळ्या मैदानात. दुसरा पूर्ण १२ चा. टेकड्या आणि जंगल तिसऱ्या डावापासून. थोड्या फरकाने हरलं तरी कोण कोणाकडून मरतं, हा तक्ता स्वतः मराठीत लिहून काढा. ब्लेड वॉरबँडकडून मरते, हत्ती सायलॉय आणि ऑक्झिलियाकडून (हेही हलकं पायदळ). हे तर्काने आठवत नाही, इतिहासाने आठवतं. इ.स.पू. ३२६ मध्ये झेलमकाठी पोरसाच्या हत्तींना अलेक्झांडरच्या हलक्या भालाफेक्यांनीच जेरीला आणलं होतं. फाशावर सायलॉय जिंकायची शक्यता कमी, पण जिंकली तर अख्खा हत्ती जातो. म्हणून भारतीय सैन्य खेळताना हत्तीसमोर सायलॉय आली की आधी आपली धनुर्धर तुकडी पुढे करा.

धातूच्या बाहुल्या लगेच घेऊ नका. एका सैन्याला तीस ते पन्नास लागतात, आणि आवडलेलं सैन्य तीन महिन्यांनी बदलतंच. जाड पुठ्ठ्याचे ४० मिमीचे तुकडे, वर बॉलपेनने 'ब्लेड', 'स्पिअर', समोरच्या कडेला लाल रेघ. सगळे नियम यावर शिकता येतात. पैसे आधी पुस्तकावर आणि मग बिनचूक बेसवर घाला.

तिसरा संच काल आला, दुसऱ्या विक्रेत्याकडून. बारा एका ओळीत: ४८० आणि वर जेमतेम अर्धा मिमी. ठेवून घेतला.