पॅसेंजर्स : यू-टूचा शांत अल्बम, बरेच महिने ऐकल्यावर

यू-टू हा आयरिश रॉक बँड म्हटलं की भरलेलं स्टेडियम आणि गायक बोनोचा टिपेला गेलेला आवाज. डिसेंबर २०१९ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये आपल्याकडेही तो घुमला. बँडमधल्या याच चौघांनी १९९५ मध्ये संगीतकार ब्रायन ईनोला सोबत घेऊन 'ओरिजिनल साउंडट्रॅक्स १' हा अल्बम केला आणि त्यावर बँडचं नाव घातलं 'पॅसेंजर्स'. ईनो १९८४ पासून त्यांच्या अल्बमचा निर्माता होताच, पण इथे तो बरोबरीचा भागीदार आहे. बहुतेक ट्रॅक कधी न बनलेल्या सिनेमांसाठी रचलेले, काही मोजके खऱ्या सिनेमांसाठी.

सुरुवातीला मी फक्त 'मिस सारायेव्हो' ऐकायचे. युद्धात वेढा पडलेल्या सारायेव्होत, म्हणजे बोस्नियाच्या राजधानीत, १९९३ साली सौंदर्यस्पर्धा झाली, मुलींनी मंचावर 'त्यांना आम्हाला मारू देऊ नका' असा फलक धरला. बिल कार्टरच्या माहितीपटासाठीचं हे गाणं. बोनो जवळजवळ पुटपुटत एकामागून एक प्रश्न विचारत राहतो आणि मग ऑपेरागायक पावारोत्तीचा आवाज इटालियनमध्ये उसळून वर येतो. इतक्यांदा ऐकूनही त्या जागी माझ्या हातातलं काम थांबतं.

बाकीचा अल्बम मात्र सावकाश उलगडला. 'युअर ब्लू रूम' आता सगळ्यात जवळचं झालंय. ऑर्गनच्या संथ सुरांवर बोनो खालच्या पट्टीत गातो आणि शेवटी चक्क बेसवादक अ‍ॅडम क्लेटन बोलतो. एरवी त्याचा आवाज आपल्या कानी पडतो कुठे? 'स्लग'मध्ये 'हे नको, ते नको' अशा ओळी नुसत्या साचत जातात. रात्री उशिरा काम करताना मी हेच लावते. लक्ष विचलित होत नाही आणि लक्ष दिलं तर दरवेळी काहीतरी नवं सापडतं.

'एल्व्हिस एट अमेरिका' मला अजूनही झेपत नाही. सगळा माहोल मोडतं ते, मी सरळ पुढे जाते. ड्रमर लॅरी मलनला तर हा अल्बमच आत्ममग्न वाटतो, आणि त्याने ते उघड सांगितलंय. त्याचा मुद्दा कळतो, ढोल पिटायला इथे जागाच थोडी आहे. मला मात्र हे चौघे याच अल्बममध्ये एकमेकांचं सगळ्यात नीट ऐकताना दिसतात.

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, निम्मा बेस गायब होतो. हेडफोन लावा, 'युअर ब्लू रूम'पासून सुरू करा आणि 'मिस सारायेव्हो' दुसऱ्या दिवसासाठी ठेवा.