वॉकमनचे सेल: चपटे, पेन्सिल आणि लिथियम, काही महिन्यांच्या वापरानंतर

काही कॅसेट वॉकमन, एक मिनीडिस्क (डबीतल्या छोट्या डिस्कवर आवाज भरणारा) रेकॉर्डर आणि हार्ड डिस्कवाला एक जुना प्लेअर, एवढा माझा पसारा. या सगळ्यांसाठी वेगवेगळे रिचार्जेबल सेल आणि एक बऱ्यापैकी शहाणा चार्जर घेऊन आता बरेच महिने झाले. नवा सेल पहिल्या आठवड्यात गुणीच असतो, त्याचे खरे रंग नंतर दिसतात, म्हणून इतके दिवस थांबून लिहितोय. निष्कर्ष आधीच सांगतो: सेलवर छापलेला एमएएचचा, म्हणजे क्षमतेचा, आकडा मी हल्ली जवळजवळ बघतच नाही. मोटर फिरायला लागल्यावर सेल किती व्होल्ट धरून ठेवतो, तेवढं बघतो.

आधी पेन्सिल सेल, कारण ते सगळ्यात सोपं प्रकरण आहे. १.५ व्होल्टच्या जागी १.२ व्होल्टचा सेल कसा चालेल, ही शंका हमखास येते. अल्कलाइन सेल १.५ वर सुरू होतो खरा, पण तिथे थांबत नाही; वापर सुरू झाला की उतरत उतरत ०.९ पर्यंत जातो. निकेल-मेटल हायड्राइड सेल चार्जरमधून काढला की १.४ च्या आसपास असतो, लवकरच १.२५ वर येतो आणि मग बराच वेळ हलत नाही. वॉकमनच्या मोटरला हे मानवतं. १९७९ चा पहिला वॉकमन, सोनीचा टीपीएस-एल२, दोन पेन्सिल सेलवर चालायचा, पुढच्या अनेक मॉडेलना एकच पुरला. दोन्ही प्रकारांत रिचार्जेबल सेल मला कुठे कमी पडलेला नाही. बॅटरीचा लाल दिवा मात्र लवकर मंदावतो. तो अल्कलाइनच्या हिशेबाने बसवलेला असतो, त्याचं फार मनावर घ्यायचं नाही.

माझ्याकडे ३१५० हर्ट्झचा सूर भरलेली एक टेस्ट कॅसेट आहे. भरलेल्या सेलवर ती लावून फोनवरच्या अ‍ॅपमध्ये वेग मोजला, सेल उतरत आल्यावर पुन्हा मोजला. अगदी शेवटची काही मिनिटं सोडली तर फरक नगण्य. म्हणजे सेल अर्धा शिल्लक असतानाच गाणं ओढल्यासारखं वाजायला लागलं तर सेलला दोष देऊ नका. पट्टा सैल झालाय का, पिंच रोलर (टेप ओढणारं रबरी चाक) चिकट झालाय का, ते बघा.

पेन्सिल सेलमध्ये २०००-२१०० एमएएचचे, स्वतःहून कमी उतरणारे सेल घ्यावेत, असं माझं ठाम मत झालंय. २००५ साली सान्योने एनेलूप आणले तेव्हापासून हा प्रकार रुळला. २७००-२८०० चे दणदणीत आकड्यांचे सेल मीही घेतले आहेत. पहिले काही दिवस छान वाजतात, पण चार्ज करून खणात ठेवले आणि महिन्याभराने काढले तर निम्म्यावर आलेले. वॉकमन काही आपण रोज आठ-आठ तास ऐकत नाही. तो मधूनच आठवण झाली की हातात येतो, आणि तेव्हा सेल तयार असावा लागतो.

जिथे एकापेक्षा जास्त सेल लागतात तिथे जोड्या मोडायच्या नाहीत. सोनीच्या डब्ल्यूएम-डी६सी या रेकॉर्डिंगवाल्या वॉकमनसारख्या यंत्राला चार लागतात. त्यातला एक दुबळा असला तर तो आधी रिकामा होतो, आणि बाकीचे तिघे त्याच्यातून करंट ढकलत त्याला उलटा चार्ज करत राहतात. असं दोन-चारदा झालं की तो सेल कायमचा गेला. मी मार्करने सेलवर अ, ब अशी अक्षरं लिहिली आहेत. एका अक्षराचे सेल एकत्रच वापरायचे, एकत्रच चार्जिंगला लावायचे.

आता खरी डोकेदुखी, चपटे गमस्टिक सेल. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून बारीक वॉकमनमध्ये आणि पुढे मिनीडिस्क प्लेअरमध्ये हे आले. लांबी साधारण ६७ मिलिमीटर, रुंदी १७ आणि जाडी जेमतेम ६. आधी निकेल-कॅडमियमचे होते, मग निकेल-मेटल हायड्राइडचे १४०० एमएएचच्या आसपासचे आले. मूळ कंपनीचा जुना सेल आज सीलबंद मिळाला तरी त्यावर पैसे घालू नये, हे माझं मत. पाकिटात पडून पडून तो आतून सुकलेला असतो. माझ्याकडचा असा एक सेल चार्जरमध्ये रीफ्रेशला लावला, म्हणजे पूर्ण उतरवून पुन्हा भरायचा, असं दोन-तीनदा. क्षमता कागदावर बरीच वर आली. मग वॉकमनचं झाकण उघडं ठेवून मल्टिमीटरच्या पिना सेलच्या टोकांना लावल्या. प्ले दाबण्याआधी १.२८. प्ले दाबलं, हेड पुढे आलं, मोटरने हिसका दिला आणि आकडा धाडकन ०.९ च्याही खाली. वॉकमन बंद. दोन सेकंदांत सेल पुन्हा १.२५ दाखवतो, जणू काही झालंच नाही. आतला रोध वाढलेला सेल असाच वागतो. मोकळ्या सेलचं व्होल्टेज बघून त्याच्यावर विश्वास ठेवू नये, ते म्हणजे पलंगावर बसलेल्या पेशंटला बघून तो जिना चढेल असं ठरवण्यासारखं आहे.

म्हणून नवे बनवलेले, बिननावाचे गमस्टिक मागवले. क्षमता लिहिलीय त्यापेक्षा बरीच कमी भरली, पण भार पडल्यावर १.१८-१.२ च्या खाली येत नाहीत, त्यामुळे वॉकमन सुखाने चालतो. मी त्यांच्यावर समाधानी आहे. तक्रार आवरणाबद्दल. वरचं प्लास्टिक जाडसर, म्हणून घट्ट कप्प्यात सेल शिरतो पण निघताना अडतो, आणि नखाने ओढला की धन टोकाजवळचं आवरण सोलतं. सेलचा धातूचा डबा म्हणजेच ऋण बाजू. आवरण तिथे फाटलं आणि कप्प्यातली पट्टी टेकली की थेट शॉर्ट. दर वेळी ती कड बघायची, सोललेली दिसली तर उष्णतेने आवळणारी नवी नळी चढवायची किंवा सेल बाद करायचा. बारीक कागदी पट्टी सेलखाली ठेवून बाहेर टोक सोडलं तर काढणं सोपं जातं.

दिसायला तसाच पण ३.७ व्होल्टचा लिथियम सेलही असतो, हाय-एमडीच्या (मिनीडिस्कच्याच पुढच्या पिढीच्या) काही यंत्रांतला. तो आणि १.२ चा एकाच डबीत ठेवू नका. पेन्सिल सेलच्याच मापाचे ३.७ व्होल्टचे ‘१४५००’ नावाचे लिथियम सेल मिळतात, ते तर वॉकमनच्या जवळही नेऊ नयेत.

चार्जरबद्दल. वॉकमनसोबत आलेले जुने चार्जर आणि प्लेअरमध्येच चार्ज करायची सोय मी बंद केली. त्यांतले बरेचसे सेल भरला की नाही हे न बघता ठरलेल्या हिशेबाने करंट देत राहतात, आणि नव्या सेलची क्षमता वेगळी. शहाणा चार्जर प्रत्येक सेल वेगळा बघतो. सेल भरला की व्होल्टेज काही मिलिव्होल्ट खाली येतं, ते पकडून थांबतो. गंमत अशी की फार हळू चार्ज केलं तर ती घसरण इतकी पुसट होते की चार्जरला दिसत नाही. ‘सावकाश म्हणजे सुरक्षित’ इथे नेहमी खरं नाही. गमस्टिकला मी ५०० ते ७०० मिलिअँपिअर देतो, पेन्सिलला १०००. शेवटी सेल कोमट होणं ठीक, हात लावता येणार नाही इतका तापत असेल तर तो सेल म्हातारा झाला.

यूएसबीवर चार्ज होणारे १.५ व्होल्टचे लिथियम पेन्सिल सेल हल्ली फार मिळतात. आत ३.७ चा लिथियम आणि ते व्होल्टेज खाली आणणारं छोटं सर्किट. कॅसेटच्या दोन गाण्यांमधल्या शांततेत त्याची बारीक शिट्टी हेडफोनमध्ये ऐकू येते, आणि रेडिओवाल्या वॉकमनमध्ये मीडियम वेव्हवर तर खरखर सुटते. दुसरा दोष जास्त घातक. हा सेल शेवटपर्यंत १.५ दाखवतो आणि मग एकदम संपतो. काही कंपन्या शेवटी व्होल्टेज मुद्दाम उतरवतात, सगळ्या नाही. मिनीडिस्कवर रेकॉर्डिंग चालू असताना असं झालं तर अनुक्रमणिका डिस्कवर लिहायची राहते आणि झालेलं रेकॉर्डिंग हाती लागत नाही. रेकॉर्डरमध्ये मी हे सेल घालत नाही. टॉर्चला उत्तम आहेत.

पांढरी भुकटी साचलेली स्प्रिंग दिसली की नवा सेल घालायची घाई करू नका. कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन लावलं की बारीक फेस येतो, म्हणजे क्षार विरघळतोय. मग ओल्या काडीने, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्यायचं. खाली हिरवट गंज उरला असेल तर फायबरच्या पेनने (काचतंतूंच्या घासणीने) हलकेच खरवडायचा. हे केल्यावर माझ्या एका वॉकमनमधला ‘सेल लवकर उतरतो’ हा आजार गेला. सेल बिचारा ठीक होता, व्होल्टेज स्प्रिंगवरच अडत होतं.

हार्ड डिस्कच्या प्लेअरचं थोडक्यात: बॅटरी बदलली, डिस्क काढून मेमरी कार्ड बसवलं, आणि चार्ज पूर्वीपेक्षा खूप टिकतो. वापरत नसलो तर निम्म्या चार्जवर ठेवतो. मागचं झाकण फुगल्यासारखं वाटलं तर चार्जिंगला लावूच नका.

बाद झालेले निकेल-कॅडमियम सेल घरच्या कचऱ्यात टाकू नका, कॅडमियम विषारी आहे. माझे एका बरणीत साठवलेत, टोकांना चिकटपट्टी लावून, ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यायला. नवे गमस्टिक घ्यायचे असतील तर दोन घ्या, एक वापरात आणि एक चार्जरवर. सहा-आठ घेऊन साठा करू नका, न वापरताही ते जुने होतातच.