स्विग की सीटाइप्स?

पायथॉनमधून सी भाषेतील लायब्ररी वापरण्यासाठी १९९६ पासूनचे स्विग आणि २००६ मध्ये पायथॉन २.५ सोबत आलेले सीटाइप्स हे दोन जुने मार्ग आहेत. स्विग इंटरफेस फाइलमधील घोषणा (कोणते फंक्शन काय घेते आणि काय परत करते याची नोंद) वाचून रॅपर कोड, म्हणजे दोन भाषांना जोडणारा कोड, स्वतः तयार करते. तो कंपाइल करण्याचा व्याप मात्र आपल्याच माथी येतो. सीटाइप्सला कंपायलर लागत नाही, पण फंक्शन काय परत करते हे सांगितले नाही, तर सीटाइप्स त्या उत्तराला इंट, म्हणजे सहसा ३२ बिटांचा पूर्णांक, समजते. त्यामुळे ६४-बिट यंत्रावर पॉइंटरचे (मेमरीतील पत्त्याचे) वरचे ३२ बिट गळून पडतात आणि प्रोग्राम पुढे भलत्याच ठिकाणी कोसळू शकतो. (या चुकीपायी माझी एक अख्खी दुपार गेली आहे.) दहाबारा फंक्शनांसाठी मी सीटाइप्सच घेईन, फंक्शने शेकड्याने असतील किंवा तीच लायब्ररी जावा आणि रुबीलाही पुरवायची असेल, तर स्विगचा व्याप सार्थकी लागतो.