वरूडच्या पाण्यावर पाच सुवासिक चहा

कोलकात्याच्या एका विक्रेत्याकडून मी सुवासिक चहांचा एक नमुना-संच मागवला. त्यात प्रत्येकी २५ ग्रॅमची पाच पाकिटे आहेत: अर्ल ग्रे हा लिंबूवर्गीय वासाचा काळा चहा, मोगऱ्याचा हिरवा चहा, संत्र्याच्या स्वादाचा काळा चहा, गवती चहा व आले घातलेला हिरवा चहा आणि मसाल्याचा काळा चहा. किंमत ६५० रुपये. कपामागे अडीच ग्रॅम पत्ती धरली तर पन्नास कप होतात आणि एक कप तेरा रुपयांना पडतो. चहा चाखण्याची आवड असलेल्याला ही किंमत जड वाटू नये, परंतु पाचही पाकिटे त्या किमतीला सारखीच उतरतात असे मात्र नाही.

आधी पाण्याविषयी लिहिणे आवश्यक आहे, कारण अमरावती जिल्ह्यातल्या आमच्या वरूड-मोर्शीच्या संत्र्यांच्या पट्ट्यात बोअर खोल गेलेले आहेत आणि पाण्यात क्षार भरपूर आहेत. या पाण्यात दुधाचा, साखर घालून खळखळून उकळलेला चहा चांगलाच लागतो. कोऱ्या चहाची गोष्ट वेगळी. बोअरच्या पाण्यात काढलेला अर्ल ग्रे काळपट, गढूळ दिसला आणि कप निवू लागताच त्यावर तेलकट वाटणारी पातळ साय धरली. ती तेलाची नसते. पाण्यातले कॅल्शियम आणि चहातली तुरट द्रव्ये एकत्र येऊन ती बनते, आणि ती धरली की वास दबतो व तोंडात खडूसारखी चव उरते. तोच चहा गावात मिळणाऱ्या फिल्टरच्या कॅनमधल्या पाण्यात केल्यावर तांबूस, स्वच्छ उतरला. कॅन नसेल तर बोअरचे पाणी गंजात, म्हणजे पातेल्यात, काही वेळ चांगले उकळून, निवळू देऊन, तळाचा पांढरा साका न हलवता वरचे पाणी घेतले तरी बराच फरक पडतो. पुढचे सर्व अभिप्राय कॅनच्या पाण्यावरचे आहेत.

संचातले सर्वोत्तम पाकीट अर्ल ग्रेचे आहे. या चहाला बर्गमॉट नावाच्या लिंबूवर्गीय फळाच्या सालीतील तेलाचा वास देतात. हे फळ मुख्यतः इटलीच्या कालाब्रिया भागात पिकते. तेल उग्र असल्यामुळे हलक्या प्रतीच्या पत्तीवर ते मारून निकृष्ट चहा खपवता येतो. येथे तसे झालेले नाही. पत्ती सीटीसीची, म्हणजे यंत्रात चिरडून केलेली, दाणेदार नसून ऑर्थोडॉक्स पद्धतीने वळलेली, लांबट आहे, आणि कप काढल्यावर गाळणीत उरलेली पाने बोटांनी उलगडली तर त्यांचे अखंड तुकडे दिसतात. उकळी आलेले पाणी ओतून, झाकण ठेवून साडेतीन मिनिटांनी गाळले असता आधी सालीचा वास येतो, मग माल्टसारखा गोडसरपणा आणि शेवटी जिभेच्या कडेला बेताचा तुरटपणा. पाच मिनिटे ठेवल्यास तुरटपणाच वरचढ होतो. दूध यात घालू नये. घातले तर वास जातो आणि हाती एक फिका चहा उरतो.

संत्र्याच्या चहाकडून माझ्या सर्वांत जास्त अपेक्षा होत्या, आणि त्याच्याविषयीच माझे मत सर्वांत प्रतिकूल आहे. पाकीट उघडताच खोलीभर वास पसरतो. शेजारच्या काकाजींनी, ज्यांचे आयुष्य संत्र्याचे आंबिया आणि मृग हे दोन बहार सांभाळण्यात गेले, पाकीट नाकाशी नेले आणि म्हणाले, “हे त गोळीतलं संत्रं हाये, झाडावरचं नाई.” त्यांचे निदान अचूक होते. ताजे संत्रे सोलताना सालीतून जो बारीक फवारा उडतो, त्या तेलाच्या वासात गोडीबरोबर थोडा कडवट, हिरवट तिखटपणाही असतो. या चहात निव्वळ गोडी आहे. पत्तीही बारीक, भुरभुरीत आहे. पाकिटावर ‘स्वादयुक्त चहा’ असे नियमाप्रमाणे छापलेले आहे, त्यामुळे विक्रेत्याने काही लपवले असे म्हणता येणार नाही. तरीही नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते ज्या मातीत पिकते त्या मातीत बसून हा कप पिताना वाईट वाटते. आमच्या बागांतल्या संत्र्याची साल फळापासून सहज सुटते; ती धुऊन, आतला पांढरा भाग चमच्याने खरवडून, सावलीत कडक होईपर्यंत वाळवली आणि तिचे दोन लहान तुकडे कुठल्याही बऱ्या ऑर्थोडॉक्स चहात पानांबरोबरच भिजवले, तर या पाकिटापेक्षा कितीतरी खरा कप मिळतो. पांढरा भाग राहिला तर चहा कडू होतो, आणि फवारणी अलीकडे झालेली असेल तर ती साल घेऊच नये.

मोगऱ्याच्या चहाने ती निराशा भरून काढली. चीनमध्ये हा चहा ज्या फुलांनी सुवासिक करतात, तो आपल्या अंगणातलाच मोगरा. कळ्या संध्याकाळी उमलू लागल्या की त्या हिरव्या चहाच्या पानांत मिसळतात, रात्रभर पाने तो वास ओढून घेतात, मग फुले वेगळी करून पाने पुन्हा वाळवतात, आणि चांगल्या मालासाठी हाच क्रम ताज्या कळ्या घेऊन पुनःपुन्हा करतात. उन्हाळ्यात मी घरच्या कळ्यांचा थर साध्या हिरव्या चहात देऊन स्टीलच्या डब्यात रात्रभर ठेवला होता. सकाळी पाने फुलांच्या ओलाव्याने मऊ पडली होती, ती कोमट तव्यावर वाळवावी लागली. पहिल्या कपाला सुरेख वास आला, दुसऱ्यांदा पाणी घातल्यावर मात्र काहीच उरले नव्हते. या पाकिटातली पाने दुसऱ्या पाण्यालाही वास देतात, आणि एका रात्रीच्या कामात व मुरलेल्या कामात काय अंतर असते ते तेथे कळते. हिरव्या चहावर उकळते पाणी ओतले तर तो कडू होतो. थर्मामीटर नसेल तर तीन भाग उकळत्या पाण्यात एक भाग माठातले गार पाणी मिसळावे, म्हणजे सुमारे ८० अंशांचे पाणी मिळते. दोन मिनिटे पुरेत.

गवती चहा आणि आल्याच्या पाकिटाविषयी एक तक्रार आहे. त्याची शिवण नीट बंद नव्हती, आणि चहाची पाने शेजारचा वास चटकन घेत असल्यामुळे खोक्यात त्याला लागून असलेल्या मसाल्याच्या पाकिटालाही गवती चहाचा वास लागला होता. विक्रेत्याला छायाचित्र पाठवल्यावर त्याने मसाल्याचे पाकीट बदलून दिले. बाकी परसातली ताजी पात ज्याच्या हाताशी आहे, त्याला वाळवलेल्या पातीसाठी पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही.

बदलून आलेला मसाल्याचा चहा नीट आहे. वेलची पुढे, लवंग मागे. दूध सहन करणारा हा संचातला एकच चहा असल्याने पाहुण्यांसमोर ठेवायला तोच बरा.

संच एकदा घेण्याजोगा आहे, विशेषतः ज्याने आजवर सुवासिक चहा टी-बॅगच्या पिशवीतूनच प्यायला आहे त्याने घ्यावा. मागवताना पॅकिंगची तारीख विचारावी आणि शक्यतो दिवाळीनंतर मागवावा, कारण मे महिन्यात आमच्याकडे येणारे पार्सल तापलेल्या गाडीत पडून राहते आणि उष्णतेने सुवास उडतो. पाकिटे उघडल्यावर प्रत्येक चहा वेगळ्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा, मसाल्याच्या फळीपासून दूर. अर्ल ग्रे आणि मोगरा मी आता सुटे, शंभर-शंभर ग्रॅम मागवले आहेत. संत्र्याचा पुन्हा घेणार नाही.